मुलांचे गुण, श्रेणी आणि शाळेतलं कौतुक : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या शाळांत शिकणाऱ्या, मुख्यतः राज्य मंडळाच्या, मुलांच्या पालकांसाठी ही उत्तरं आहेत. शुल्क आणि मुदती अलीकडच्या वर्षांतल्या आहेत. पैसे भरण्याआधी त्या वर्षीचं प्रकटन वाचा.

मुलाला गुण कमी मिळालेत असं वाटतंय. आधी कोणाला भेटायचं?

त्या विषयाच्या शिक्षकांना. वर्गशिक्षकांना कळवून भेटा, पण बोलणं विषयशिक्षकांशीच करा, कारण पेपर त्यांनी तपासलेला असतो आणि चूक असेल तर ती जागच्या जागी तेच दुरुस्त करू शकतात. बरेच पालक थेट मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जातात. मुख्याध्यापक पेपर मागवून घेतात, शिक्षकांना बोलावतात, आणि जी गोष्ट दोन मिनिटांत सुटली असती तिचा खुलासा मागितल्यासारखं होतं. मग शिक्षक दुरुस्ती करण्यापेक्षा स्वतःचा बचाव करू लागतात.

भेटीची वेळ मागून घ्या. डायरीत चार ओळी लिहा किंवा कार्यालयात निरोप ठेवा, आणि शिक्षकांचा ऑफ तास कधी असतो ते विचारा. शाळा सुटताना फाटकाजवळ गाठू नका. ओपन हाऊसला मागे वीस पालक रांगेत असतात, तिथे पेपर नीट पाहून होत नाही. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर हा विषय काढूच नका. तिथे शिक्षकांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं आणि तुमच्या मुलाचे गुण चाळीस घरांत पोचतात.

आणि लवकर जा. पेपर दाखवल्यापासून आठवड्याच्या आत. निकालपत्रक तयार होऊन सही-शिक्का झाला की एका आकड्याच्या दुरुस्तीसाठीही मुख्याध्यापकांची मंजुरी लागते, आणि शाळा टाळाटाळ करू लागते.

पेपर हातात आल्यावर नेमकं काय पाहायचं?

प्रश्नपत्रिका शेजारी ठेवल्याशिवाय उत्तरपत्रिका पाहू नका. कोणत्या उपप्रश्नाला किती गुण होते हे समोर नसेल तर फक्त लाल शाईचे आकडे दिसतात, त्यांचा अर्थ लागत नाही.

पहिली फेरी बेरजेची. आतल्या पानांवर दिलेले गुण कागदावर उपप्रश्नांनुसार उतरवून घ्या आणि स्वतः बेरीज करा. मग मुखपृष्ठावरच्या तक्त्याशी ताडून पाहा. सर्वांत जास्त चुका इथेच सापडतात : आत ३ गुण आणि तक्त्यात २, किंवा प्रश्न ४ ब चा रकाना रिकामाच. अर्ध्या गुणांकडे विशेष लक्ष द्या. तीन ठिकाणचे अर्धे गुण सुटले की दीड गुण जातो.

दुसरी फेरी न तपासलेल्या उत्तरांची. ज्या उत्तरावर बरोबर, चूक, शून्य यांपैकी कोणतीच खूण नाही, ते नजरेतून सुटलेलं असण्याची शक्यता आहे. हे बहुधा पान उलटल्यावर वरच्या तीन-चार ओळींत राहिलेल्या उत्तराचं होतं, किंवा मुलानं प्रश्नांचा क्रम बदलून शेवटी लिहिलेल्या उत्तराचं. पुरवणी जोडली होती का आणि तिचे गुण धरले गेले का, हेही पाहा. मुलानं पुरवणीवर हजेरी क्रमांक लिहिला नसेल आणि दोरा सुटला असेल तर ती दुसऱ्याच गठ्ठ्यात गेलेली असते.

तिसरी फेरी मूल्यमापनाची, आणि ती शेवटीच करायची. इथे आधी प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना वाचा. दहावीच्या विज्ञानाच्या पेपरात बहुपर्यायी प्रश्नाचा पहिलाच प्रयत्न धरला जातो. मुलानं आधी एक पर्याय लिहून, खोडून दुसरा लिहिला असेल तर दुसरा बरोबर असूनही गुण मिळत नाही. भूमितीत रचनेच्या खुणा पुसू नयेत अशी स्पष्ट सूचना असते. कंस पुसून आकृती सुबक केली की गुण कापले जातात आणि घरी ‘आकृती तर एकदम बरोबर आहे’ असं वाटत राहतं. विज्ञानात एकक न लिहिणं, आकृतीला नावं न देणं, गणितात सूत्र न लिहिता थेट उत्तर काढणं, ही गुण जाण्याची नेहमीची कारणं. या तीन फेऱ्यांनंतर हातात दोन-तीन नेमके मुद्दे उरतात. शिक्षकांकडे तेवढेच न्यायचे.

शिक्षक म्हणतात, “उत्तर पुस्तकातल्यासारखं नाही.” हे कारण चालतं का?

प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे त्यावर अवलंबून आहे. व्याख्या, नियम, सनावळी, शास्त्रीय संज्ञा यांत शब्द बदलला की अर्थ बदलू शकतो, तिथे शिक्षकांचं म्हणणं रास्त असतं. पण भाषांच्या कृतिपत्रिकेत स्वमताचे प्रश्न असतात. ते मुलाचं स्वतःचं मत मांडायलाच विचारलेले असतात, आणि तिथे गाइडमधलं उत्तर न लिहिल्याबद्दल गुण कापणं चूक आहे. गणितात पद्धत वेगळी पण पायऱ्या बरोबर असतील तर पायऱ्यांचे गुण मिळायला हवेत.

अशा वेळी वाद घालण्यापेक्षा गुणदान योजना विचारा : “सर, या चार गुणांची विभागणी कशी केली होती? यात कोणत्या मुद्द्याचा गुण गेला?” या प्रश्नाला शिक्षकांना मुद्द्याचंच उत्तर द्यावं लागतं. विभागणी ठरलेलीच नसेल तर तेही लगेच कळतं.

पहिली ते आठवीची श्रेणी कशी ठरते?

राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात दोन भाग आहेत. आकारिक म्हणजे वर्षभर वर्गात चालणारं, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारं. त्यांचं प्रमाण इयत्तेप्रमाणे बदलतं : पहिली-दुसरीला ७०:३०, तिसरी-चौथीला ६०:४०, पाचवी-सहावीला ५०:५०, सातवी-आठवीला ४०:६०. म्हणजे दुसरीतल्या मुलाची लेखी परीक्षा उत्तम गेली तरी ती शंभरातल्या फक्त तीस गुणांच्या भागात मोडते.

श्रेणी अशी : ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, त्याखाली इ-१ आणि इ-२. ८० गुणांना ब-१ आणि ८१ ला अ-२. त्यामुळे सीमेवरच्या मुलाच्या बाबतीत एका गुणाची बेरीजसुद्धा प्रगतिपुस्तकावर ठळक दिसते. तिथे बेरीज तपासून मागणं मुळीच क्षुल्लक नाही.

लेखी परीक्षेत चांगले गुण आहेत, पण आकारिक मूल्यमापनात फार कमी. असं का?

आकारिक मूल्यमापनाची साधनं आठ आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, लेखी चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर. लेखीत हुशार पण वर्गात न बोलणारं मूल तोंडी कामात मागे पडतं. आजारपणात झालेली चाचणी नंतर घेतली गेली नाही, किंवा प्रकल्प दिला पण त्याची नोंद झाली नाही, ही दुसरी कारणं.

शिक्षकांना साधनागणिक गुण दाखवायला सांगा. शिक्षकांकडे या नोंदी ठेवलेल्या असतात आणि त्यासोबत वर्णनात्मक नोंदीही असतात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ नुसार मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती पालकांना नियमित देणं हे शिक्षकांचं कर्तव्यच आहे. त्यामुळे नोंदी पाहायला मागताना संकोच नको. सगळ्या मुलांना सगळ्या साधनांत सारखेच गुण दिसले, तर नोंदी वर्षाअखेरीस एका बैठकीत भरल्या गेल्या आहेत असं समजा आणि हे मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. लाजऱ्या मुलांचं सर्वांत मोठं नुकसान याच सवयीनं होतं.

एकेका गुणासाठी भांडावं का?

तिसरीच्या घटक चाचणीतल्या एका गुणानं पुढे काहीही अडत नाही. तिथे मुलाला स्वतः विचारायला शिकवा : “बाई, माझी बेरीज परत पाहाल का?” पण एकाच विषयात एकाच प्रकारे गुण जात असतील, बेरजेच्या चुका पुन्हा पुन्हा होत असतील, किंवा त्या गुणावर श्रेणी, शिष्यवृत्ती, प्रवेश ठरत असेल तर जरूर जा. आमचं मत असं की मुलाला चुकीनं कमी मिळालेला गुण आणि चुकीनं जास्त मिळालेला गुण, दोन्ही दाखवावेत. जास्तीचा गुण परत करणाऱ्या घराच्या पुढच्या तक्रारीला शाळेत वजन येतं, आणि मुलालाही गुण म्हणजे काय ते नीट कळतं.

भेटीत कसं बोलावं?

मुलाला सोबत न्यायचं की नाही, हे आधी ठरवा. पाचवीपर्यंत नको. सातवी-आठवीनंतर न्या, आणि उत्तराबद्दलचा प्रश्न त्यालाच विचारू द्या.

सुरुवात पेपरातल्या नेमक्या जागेपासून करा : “मॅडम, प्रश्न ३ मधल्या दुसऱ्या उत्तरावर खूण दिसत नाही, एकदा पाहता का?” ‘तुम्ही नेहमी आमच्याच मुलाला’ किंवा ‘अमक्याला कसे जास्त दिलेत’ ही वाक्यं टाळा. दुसऱ्या मुलाचा पेपर पाहायला मागू नका. शाळा तो दाखवणार नाही, आणि तुलना काढली की तुमचा खरा मुद्दा बाजूला पडतो. उत्तर पटलं तर तसं स्पष्ट सांगा आणि मुलालाही त्याच शब्दांत सांगा. घरी येऊन ‘तुझ्या बाईंना काही येत नाही’ असं म्हटलं तर उद्या त्याच बाईंपुढे बसणाऱ्या मुलाची कोंडी होते.

तक्रार केली तर शिक्षक मुलावर राग काढतील, ही भीती वाटते.

ही भीती खरी आहे आणि अनेक पालक तिच्यामुळेच गप्प बसतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींना बंदी आहे. टोमणे मारणं, वर्गासमोर ‘तुझे पालक फार तक्रारी करतात’ असं म्हणणं, मुद्दाम मागे बसवणं, हे मानसिक त्रासातच येतं. असं घडलं तर तारीख, तास आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या. गुणांच्या मूळ अर्जात हे मिसळू नका, वेगळा अर्ज करा. दोन विषय एका कागदावर आले की शाळा सोप्या विषयाचं उत्तर देते आणि अवघड विषय तसाच राहतो. मूल घाबरलेलं असेल, शाळेत जायला तयार नसेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

शाळेला लेखी अर्ज कसा करायचा?

एका पानात. विषय एकच. नमुना असा :

“प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : इयत्ता ७ वी, गणित, द्वितीय सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतील गुणांची पडताळणी करण्याबाबत. महोदय, माझा पाल्य (नाव, तुकडी, हजेरी क्रमांक) याची उत्तरपत्रिका आम्ही दि. ___ रोजी पाहिली. प्रश्न २ अ मधील तिसऱ्या उत्तराचे मूल्यमापन झालेले दिसत नाही. तसेच आतील पानांवरील गुणांची बेरीज ४३ येते, मुखपृष्ठावर ४० नोंद आहे. याबाबत विषयशिक्षकांना दि. ___ रोजी भेटलो. कृपया पडताळणी करून सात दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती. आपला विश्वासू.”

दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच उपयोगी पडत नाही. लिपिक पोच देत नसेल तर तोच अर्ज शाळेच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. अर्जात विशेषणं नकोत. ‘अन्यायकारक’, ‘पक्षपाती’ हे शब्द काढून टाकले तरी ४३ आणि ४० हे दोन आकडे सगळं सांगतात.

दहावी-बारावीचा निकाल पटला नाही तर काय करता येतं?

मार्ग तीन आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. बोलताना सगळ्यालाच ‘रिचेकिंग’ म्हणतात, त्यातून गोंधळ होतो.

गुणपडताळणी : सगळी उत्तरं तपासली गेली का, बेरीज बरोबर आहे का, आतले गुण मुखपृष्ठावर आणि तिथून निकालात नीट आले का, एवढंच पाहिलं जातं. उत्तर पुन्हा वाचलं जात नाही. शुल्क प्रति विषय ५० रुपये.

छायाप्रत : तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत तुमच्या हातात येते. प्रति विषय ४०० रुपये.

पुनर्मूल्यांकन : उत्तरं पुन्हा तपासली जातात. प्रति विषय ३०० रुपये, पण त्याआधी छायाप्रत घेणं बंधनकारक आहे. म्हणजे एका विषयाचं पुनर्मूल्यांकन ७०० रुपयांना पडतं.

गुणपडताळणी आणि छायाप्रतीचे अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचे असतात. मुदत ऑनलाइन निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून साधारण पंधरा दिवसांची. छापील गुणपत्रिका शाळेत नंतर येते. तिची वाट पाहत बसलेल्यांची मुदत हमखास हुकते. ऑनलाइन निकालाची प्रत अर्जाला पुरते.

मग यातलं नेमकं कशासाठी अर्ज करावा?

एखाद्या विषयात अपेक्षेपेक्षा वीस-पंचवीस गुणांची घट असेल तर पान सुटलं असण्याची किंवा आकडा चुकण्याची शंका घ्यायला जागा आहे. तिथे फक्त गुणपडताळणीवर थांबू नका, छायाप्रत मागवा. प्रत्यक्ष पेपर पाहिल्याशिवाय मनातली शंका जात नाही. उलट ७८ ऐवजी ८२ अपेक्षित होते एवढंच असेल, तर आधी बेस्ट ऑफ फाइव्हचा हिशोब करा. दहावीत सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर टक्केवारी निघते. तो विषय त्या पाचात नसेलच, तर चार गुण वाढूनही टक्के तेवढेच राहतात. आणि तो त्या पाचात असेल तर चार गुणांनी टक्केवारी ०.८० नं वाढते. अकरावीच्या हव्या त्या महाविद्यालयाची गेल्या वर्षीची कटऑफ याच फरकात असेल तर खर्च सार्थ आहे.

अकरावीचा प्रवेश अर्ज मात्र मूळ गुणांवर भरून टाका, पुनर्मूल्यांकनासाठी थांबू नका. गुण बदललेच तर सुधारित गुणांची नोंद प्रवेश प्रक्रियेत करून घेता येते. सुटलेली प्रवेशफेरी परत येत नाही.

छायाप्रत मिळाल्यावर किती वेळ असतो?

पुनर्मूल्यांकनाच्या अर्जासाठी कार्यालयीन कामकाजाचे पाच दिवस. हा वेळ फार थोडा आहे, म्हणून त्या विषयाचे अनुभवी शिक्षक आधीच ठरवून ठेवा. शक्यतो ज्यांनी मंडळाचे पेपर तपासले आहेत असे.

छायाप्रत येईल त्या दिवशी पानं मोजा, पुरवण्या मोजा, वर सांगितलेली बेरजेची फेरी करा. बेरजेचीच चूक सापडली तर ती स्पष्टपणे वेगळी दाखवा. दुसऱ्या दिवशी पेपर शिक्षकांना द्या, पण मिळालेले गुण झाकून. त्यांना स्वतंत्रपणे गुण द्यायला सांगा आणि मग तुलना करा. हे फार महत्त्वाचं आहे. आधीचे गुण समोर दिसले की मुलाच्या प्रेमापोटी किंवा तुमच्या भिडेखातर ‘इथे अर्धा वाढेल, तिथे एक वाढेल’ असं होत जातं. शिक्षकांचे गुण मंडळाच्या गुणांपेक्षा दोन-तीनच जास्त आले तर आम्ही पुनर्मूल्यांकनाचा सल्ला देत नाही. पुन्हा तपासताना गुण कमीही होऊ शकतात. फरक मोठा असेल, किंवा पस्तिसाच्या उंबरठ्यावर मूल अडकलं असेल तर जरूर करा.

न्यायालयात जाऊन पेपर पुन्हा तपासून घेता येतो का?

फार क्वचित. महाराष्ट्राच्या मंडळाचाच परितोष भूपेशकुमार शेठ हा खटला १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता. नियमांत तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही, असं न्यायालयानं तेव्हा म्हटलं. आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मात्र २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय खटल्यात माहिती अधिकाराखाली मान्य झाला. त्यामुळे आज पेपर पाहता येतो, आणि पुनर्मूल्यांकन मंडळाच्या नियमांच्या चौकटीतच मिळतं.

अंतर्गत आणि प्रात्यक्षिकाचे गुण चुकले असतील तर?

हे गुण शाळेनं मंडळाला कळवलेले असतात, त्यामुळे दुरुस्तीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फतच विभागीय मंडळाकडे जावा लागतो. पडताळणीत फक्त शाळेनं पाठवलेले गुण निकालात तसेच आले का, एवढंच दिसतं. प्रात्यक्षिकाला हजर असूनही गुणपत्रिकेत गैरहजर दिसणं ही नेहमीची तक्रार. अशा वेळी प्रात्यक्षिकाची सही केलेली हजेरी आणि गुणतक्त्याची शाळेतली प्रत यांची मागणी त्याच दिवशी करा.

याला खरा उपाय निकालाआधीचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाची वही, प्रकल्प, प्रयोगवही शाळेत जमा झाली की तारखेसह सही घ्यायला सांगा.

कला आणि खेळाचे वाढीव गुण कसे मिळतात?

दहावीला इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या अ श्रेणीला ७, ब ला ५ आणि क ला ३ गुण मिळतात. मान्यताप्राप्त संस्थांमार्फत शास्त्रीय कला आणि लोककलेलाही गुण आहेत. खेळाचे गुण स्पर्धेच्या पातळीनुसार ठरतात. त्यासाठी शाळेचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो आणि त्यांच्या शिफारशीनं मंडळाकडे.

गुण बुडतात ते बहुतेक कागदांमुळे. प्रमाणपत्रावरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव जुळत नाही, स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची नसते, किंवा प्रमाणपत्र घरच्या फाइलीत राहतं आणि शाळेला पत्ताच नसतो. दहावीच्या जूनमध्येच सगळ्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स पोच घेऊन शाळेत द्या. दिवाळीनंतर प्रस्ताव गेला का, हे लिपिकांना विचारा आणि जावक क्रमांक टिपून ठेवा. निकाल लागल्यावर हे गुण मिळवणं जवळजवळ अशक्य होतं.

शिष्यवृत्ती परीक्षेत गुण कमी आले.

परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण, एकूण ३००. पात्र ठरायला प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के लागतात. म्हणजे एकूण गुण चांगले असूनही एका पेपरात ५८ आले तर मूल अपात्र ठरतं. गुणपत्रकात आधी हे पाहा.

दाद मागण्याच्या वेळा दोन. अंतरिम उत्तरसूची आली की चुकीच्या उत्तरावर ऑनलाइन आक्षेप घेता येतो. पाठ्यपुस्तकाच्या पानासारखा पुरावा जोडा. अंतरिम निकालानंतर गुणपडताळणीचा अर्ज असतो, तो शाळेच्या लॉगिनमधून जातो. म्हणून मुख्याध्यापकांना मुदत संपण्याच्या तीन-चार दिवस आधी गाठा. वरच्या इयत्तेच्या पेपरात काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. ‘उत्तर तर बरोबर होतं’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

मुलाला सगळं येतं, पण लिहिताना अडतं. दरवर्षी गुण जातात.

आळशी, निष्काळजी असे शेरे येण्याआधी तपासणी करून घ्या. वाचन, लेखन किंवा गणितातली अध्ययन अक्षमता दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत येते. मंडळाच्या परीक्षेत प्रमाणपत्रधारक मुलांना तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. गरजेप्रमाणे खालच्या इयत्तेतला लेखनिक, गणितात गणकयंत्र, आणि २० गुणांपर्यंतची सवलतही असते.

प्रमाणपत्र अधिकृत शासकीय किंवा महापालिकेच्या रुग्णालयाचंच लागतं. खासगी समुपदेशकांचा अहवाल एकटा चालत नाही. डोळे-कान तपासणी, बुद्धिमत्ता चाचणी, शैक्षणिक चाचणी अशा अनेक भेटी होतात आणि तारखा उशिरा मिळतात. आठवीच्या उन्हाळ्यात सुरुवात करा. दहावीच्या जानेवारीत धावपळ करणाऱ्यांना मंडळाची परवानगी वेळेत मिळेलच असं नाही. आणि दहावीची वाट पाहायची गरजही नाही, खालच्या वर्गांत शाळा या सवलती आपल्या पातळीवर देऊ शकते. लेखी मागा.

आठवीत नापास झालं तर मूल तिथेच बसतं का?

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षेची संधी मिळते, त्यातही नापास झाल्यास मूल त्याच वर्गात राहू शकतं. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. दाखला नेण्याचा दबाव आला तर तो दाखला स्वतःहून मागू नका.

मूल सगळीकडे भाग घेतं, पण बक्षीस समारंभात त्याचं नाव कधीच नसतं.

निकष विचारा, आणि ते वर्षाच्या सुरुवातीला विचारा. ‘आदर्श विद्यार्थी’ कोणत्या गोष्टींवर निवडतात, कोण निवडतं, उपस्थितीला किती वजन आहे? समारंभ झाल्यावर विचारलं तर ते मत्सरासारखं ऐकू येतं, जूनमध्ये विचारलं तर शाळेला निकष लिहून काढावे लागतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात (विनाअनुदानित शाळांत ही समिती नसते, तिथे पालक-शिक्षक संघ असतो). निकष फलकावर लावण्याची सूचना तिथे मांडा, सगळ्याच मुलांसाठी.

शाळेबाहेरचं यश शाळेला आपोआप कळत नाही. प्रमाणपत्राची प्रत आणि दोन ओळींचं पत्र वर्गशिक्षकांना द्या. फलकावर नाव लागणं, परिपाठात टाळ्या मिळणं, याचं लहान मुलाला किती अप्रूप असतं ते मोठ्यांना विसरायला होतं. प्रमाणपत्रावर नाव चुकलं असेल तर लगेच बदलून घ्या, पुढे तोच कागद नाकारला जातो.

काही संधी शाळेच्या हातात असतात. केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत मुलांच्या कल्पना शाळाच ऑनलाइन पाठवते, आणि निवड झालेल्या मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात. शाळेनं नोंदणीच केली नसेल तर मुलाची कल्पना कितीही चांगली असो, जाणार कुठून? विज्ञानशिक्षकांना मुदतीआधी विचारा. प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारासाठी मात्र शाळेची वाट पाहावी लागत नाही, मूल स्वतःही अर्ज करू शकतं.

शाळा दादच देत नाही. पुढे कुठे जायचं?

जिल्हा परिषदेच्या शाळेत केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक). माध्यमिक शाळेसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मुंबईत शिक्षण निरीक्षक. त्यावर विभागीय शिक्षण उपसंचालक. प्रत्येक पायरीवर आधीच्या अर्जाची पोच जोडा. पायरी गाळली तर अर्ज फिरून खालीच येतो आणि महिना जातो.

पहिली ते आठवीच्या मुलासाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजूंचं ऐकून तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. एक लक्षात ठेवा : हे अधिकारी उत्तराला दोनाचे तीन गुण करून देत नाहीत. नोंदी न दाखवणं, अर्जाला उत्तर न देणं, मुलाला त्रास देणं, यांवर ते कारवाई करू शकतात. तक्रार त्याच भाषेत लिहा.

माहिती अधिकाराचा उपयोग होतो का?

शासकीय आणि अनुदानित शाळांत होतो. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्दांची मर्यादा, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतींना पानामागे २ रुपये. ‘कमी गुण का दिले’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. कागद मागा : “माझ्या पाल्याची (इयत्ता, विषय, परीक्षा) तपासलेली उत्तरपत्रिका आणि आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींची साक्षांकित प्रत.” उत्तर आलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील करा, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. विनाअनुदानित शाळेकडे थेट अर्ज चालत नाही, पण त्या शाळेबाबत शिक्षणाधिकारी कार्यालयात असलेले कागद तिथून मागता येतात. शाळा जुन्या उत्तरपत्रिका ठरावीक काळानंतर रद्दीत काढतात, म्हणून अर्ज त्याच सत्रात करा.